ह्या बटणास हात लावूं नये

डिमोनात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होतो, त्या मावशींचं अक्षर फार सुंदर होतं. मुंबईच्या शाळेत गिरवलेलं, टपोरं, वरची रेघ फूटपट्टी धरून ओढल्यासारखी. मावशी कोकणातल्या मराठी ज्यू. साठच्या दशकात त्या इस्राएलला आल्या आणि त्यांचं मराठी तिथेच थांबलं. बोलायच्या अलिबागकडचं, पण कागदावर पेन टेकलं की जुन्या क्रमिक पुस्तकातलं लिहायच्या. वाण्याच्या यादीतसुद्धा "कोथिंबीर ताजी पाहून आणावी, विसरूं नये" असं असायचं.

त्यांच्या अक्षरातली एक चिठ्ठी विद्यापीठात आमच्या प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर, चालूबंद करायच्या बटणाच्या बरोब्बर वर, चिकटवलेली होती. "ह्या बटणास हात लावूं नये." ती चिठ्ठी माझ्यासाठी होती. प्रयोगशाळेत देवनागरी वाचणारा दुसरा कोणी नव्हता.

चिठ्ठी लावण्याची वेळ मीच आणली होती. मावशींची मुलगी त्याच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. वाळवंटाखालचं खारं पाणी कसं सरकतं याचं गणित ती संगणकावर सोडवायची. मला खोली तिनेच मिळवून दिली होती. तिचा जन्म तिथलाच. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिब्रूत यायचं, आणि माझा चेहरा कोरा दिसला की मग इंग्रजीत. मी तिला ताई म्हणायचो. पहिल्या दिवशी तिने आईला विचारलं, हे काय? थोरली बहीण, असं मावशींनी सांगितल्यावर ती म्हणाली, "एक भाऊ आहे मला. तोच पुरे झाला होता."

पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी निघताना मी तिचं मशीन बंद केलं. आमच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये भिंतीवर पाटी होती, 'जाताना मशीन बंद करा', आणि मी पाट्या पाळणारा मुलगा होतो. तिचं तीन दिवस चाललेलं गणित त्यात गेलं. दुसऱ्या सकाळी चिठ्ठी लागली. ही कुठली लिपी, काय लिहिलंय, असं प्रत्येकजण विचारायचा आणि ती प्रत्येकाला सविस्तर सांगायची. थोडक्यात, माझी ओळख करून द्यायचं काम त्या चिठ्ठीनेच केलं.

मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. वडील यंत्रमागावर, आई घरी कांड्या भरायची. परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले, आणि विमानात बसल्यापासून मला एकच भीती होती, की कधीतरी कोणीतरी म्हणेल, याला चुकून बोलावलंय, परत पाठवा. त्यामुळे मी सांगितलेलं काम करायचोच, शिवाय थोडं जास्त करायचो. माझ्या बहुतेक चुका या 'थोडं जास्त'मधल्या आहेत.

आता ज्या शुक्रवारची गोष्ट सांगायची आहे, तो त्यानंतर चारेक महिन्यांनी आला. तोवर मला कामापुरती हिब्रू कळू लागली होती. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, फेब्रुवारी महिना. तिकडे शुक्रवारी दुपारनंतर सगळं बंद होत जातं, कारण सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो. ताई घरी स्वयंपाकाला म्हणून अकराच्या बसने निघाली. तिचं सगळ्यात मोठं गणित तेव्हा बारा दिवसांपासून चालू होतं आणि शनिवारी दुपारी संपणार होतं. रविवारी तिकडे कामाचा आठवडा सुरू होतो; त्या सकाळी ते मशीन दुसऱ्या गटाकडे जाणार, थेट उन्हाळ्यापर्यंत. रविवारीच तिच्या प्राध्यापकांना आकडे दाखवायचे होते. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढ्यासाठी अडलं होतं.

दारात उभी राहून ती मला म्हणाली, "डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली आहे. पूर्ण भरली तर माझं काम मध्येच मरेल. तुझ्या जुन्या फायली काढून टाक. फक्त तुझ्या."

'फक्त तुझ्या' असं ती म्हणाली होती. हे मी आजही लपवत नाही.

मी माझ्या फायली काढल्या. त्या अगदीच किरकोळ होत्या. डिस्क अठ्ठ्याण्णववर ढिम्म. मग मला तात्पुरत्या फायलींचा सामायिक फोल्डर दिसला. आम्ही सगळे एकाच खात्याने आत शिरायचो, त्यामुळे कुठेही जायला मोकळीक होती. आत काहीच्या काही नावांच्या डझनावारी फायली. कुठली कोणाची, कुठली चालू, कुठली मेलेली, काही कळेना. तेव्हा मला क्लासमधले सर आठवले.

सरांची एक युक्ती होती. ते म्हणायचे, "डिस्क भरली की टेम्प फोल्डर उघडायचा, सगळं निवडायचं आणि डिलीट दाबायचं. घाबरायचं नाही. जी फाईल उघडी आहे तिला विंडोज हातच लावू देत नाही. 'फाईल वापरात आहे' अशी चौकट येते. जी गेली नाही ती कामाची समजायची." आम्ही पंधरा मुलांनी तीन मशीनवर दोन वर्षं हेच केलं, आणि खरंच कधी काही बिघडलं नाही. कामाचं काय आहे हे शोधायचं नाही, पुसून बघायचं आणि नकाराची वाट पाहायची.

प्रयोगशाळेतल्या मशीनवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या विद्यापीठातलं मशीन, हे तर आणखी सांभाळून घेईल.

मी सगळं पुसायची आज्ञा दिली आणि चौकटीची वाट पाहू लागलो. चौकट आली नाही. पुढची ओळ आली, आणि कर्सर माझ्याकडे बघत लुकलुकत राहिला. मी फोल्डर उघडून पाहिला. रिकामा. ताईची बारा दिवसांची फाईलही त्यातच लिहिली जात होती, हे मला तिचं नाव दिसेनासं झाल्यावर आठवलं.

पुढची गोष्ट तर मला अजिबात कळली नाही. एवढं सगळं पुसूनही डिस्क अठ्ठ्याण्णववरच होती. कचरा काढला आणि बादली तेवढीच भरलेली. मशीनच अडकलं असणार असं मी ठरवलं. त्यावर सरांचा दुसरा नियम होता, बंद करून परत चालू करा. माझा हात गेला बटणाकडे. बटणावर चिठ्ठी.

मावशींच्या अक्षरात असं काहीतरी होतं की मोडवत नसे. मी हात मागे घेतला आणि तो काखेत दाबून बसून राहिलो.

मग फोन केला. मावशींनी उचलला.

"काय रे, बस चुकली काय?"

सांगायचं सगळं ओठांवर होतं. मी म्हणालो, "नाही मावशी. येताना काही आणू का?"

"काय नको. तू ये म्हणजे झाला."

शेवटची बस दीडला होती. पाऊण तासाच्या त्या रस्त्यात मी कबुलीची वाक्यं आधी मराठीत, मग इंग्रजीत जुळवली, आणि डिमोनाचे पांढरे ब्लॉक दिसायला लागल्यावर दोन्ही विसरलो.

संध्याकाळी मावशींनी मेणबत्त्या लावल्या. भिजवलेल्या मनुकांचं गोड पाणी पेल्यात ओतून प्रार्थना झाली. ही प्रार्थना ताईचा धाकटा भाऊ म्हणायचा, कारण वडील वारले होते. हा भाऊ पेताह तिक्वा शहरात एका कचेरीत नोकरीला होता आणि दर शुक्रवारी घरी यायचा. प्रार्थना तो मन लावून म्हणायचा, आणि शनिवारी सकाळी गाडी काढून मित्रांकडे पसार व्हायचा. शब्बाथला गाडी चालवलेली आईला चालत नाही, म्हणून शुक्रवारीच ती दोन गल्ल्या सोडून, वाण्याच्या बंद दुकानापाशी लावून ठेवायचा. मावशींना हे माहीत होतं. आईला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. शनिवारी तो निघाला की त्या म्हणायच्या, "फिरायला चाललास? बरं. हळू चाल हां, वळणावर जपून."

त्या रात्री नारळाच्या रसातली मासळी होती. मी तुकडा पानातल्या पानात इकडून तिकडे सारत होतो.

"काय झाला रे तुला?" मावशी म्हणाल्या. "तोंड एवढासा करून बसलास. मासळी वाईट झाली काय?"

"नाही मावशी, छान आहे."

"छान आहे तर पानात कशाला ठेवलीस? नुसता बघून पोट भरतंय काय?"

भाऊ हिब्रूत म्हणाला, "प्रेमात पडलाय."

"कोणाच्या?" मावशींनी मराठीत विचारलं.

"मशीनच्या. बघ ना, कसा झुरतोय."

सगळे हसले, ताईसुद्धा. तिला हसताना बघून मला राहवलं नाही. पण तिच्याकडे बघून सांगायचं धाडस झालं नाही. मी मावशींकडे तोंड केलं आणि मराठीत म्हणालो, "मावशी, ताईंची बारा दिवसांची फाईल माझ्याकडून पुसली गेली."

मावशींना सांगितलं म्हणजे ताईला सांगितलं असं होत नाही, अशी काहीतरी माझी समजूत असावी. ती माझ्यापासून दोन हातांवर बसली होती.

ताईने चमचा खाली ठेवला. भावाने थट्टा केली नाही, यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. मग तिने दोनच प्रश्न विचारले.

"मशीन बंद केलंस?"

"नाही. चिठ्ठी होती."

"पुसल्यावर डिस्क किती दाखवत होती?"

"अठ्ठ्याण्णव. कमी झालीच नाही."

तिने डोळे मिटले, श्वास सोडला आणि आईकडे बघून काहीतरी पुटपुटली. मावशींनी मला सांगितलं, "जिवंत आहे म्हणते."

मग तिने समजावलं, अर्धं हिब्रूत, अर्धं इंग्रजीत, आणि मावशी मध्ये मध्ये मराठी करून सांगत होत्या. लिनक्सवर पुसलं की फक्त फाईलचं नाव यादीतून जातं. कोणी प्रोग्रॅम तिला उघडून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत फाईल जागच्या जागी असते, त्यात लिहिलंही जातं. फक्त बाहेरच्या कोणाला ती दिसत नाही. म्हणूनच डिस्क रिकामी झाली नव्हती; बाकीच्या फायली जुन्या, मेलेल्या आणि चिमुकल्या होत्या. मी मशीन बंद केलं असतं तर प्रोग्रॅमही मेला असता आणि फाईलही.

मी मान हलवत होतो, पण मला कळलं नव्हतं. मावशींना मात्र कळलं. त्यांनी डिमोनाच्या कापड गिरणीत सव्वीस वर्षं काढली होती.

"अरे, हजेरीबुकातला नाव कापला," त्या म्हणाल्या, "पण माणूस पाळीवर उभा आहे. त्याला कोण सांगायला गेला नाय. तो आपला माग चालवतोय, कापड निघतोय. भोंगा झाला, पाळी सुटली, की मग तो गेला. मग परत गेटातून आत येणार नाय. कळला?"

"आणि विंडोजमध्ये?" मी विचारलं.

"त्यात मुकादम कडक असेल. माणूस मागावर उभा असताना बुकाला हातच लावून देत नसेल."

यापेक्षा चांगलं मला पुढे कुठल्याही प्राध्यापकाने शिकवलं नाही. आमच्या वडिलांना पत्रात मी असंच लिहिलं, आणि पूर्ण शिष्यवृत्तीतली ही एकच गोष्ट त्यांना पहिल्या वाचनात समजली.

पण पाळी शनिवारी दुपारी सुटणार होती. त्याआधी कोणीतरी तिथे हवं होतं. शब्बाथला ताई संगणकाला हात लावत नसे, आणि स्वतः करायचं नाही ते काम दुसऱ्याला सांगायचंही नसतं. ती मला 'जा' म्हणू शकत नव्हती. कागदावर लिहूनही देऊ शकत नव्हती, कारण लिहिणंही बंद. मी तिच्याकडे बघत होतो, ती पानाकडे.

थोड्या वेळाने ती हिब्रूत, कोणाकडेच न बघता, म्हणाली, "मी सैन्यात होते तेव्हा तिथे एक मुलगी होती." तिकडे मुलींनाही सक्तीने सैन्यात जावं लागतं.

मावशी लगेच सरसावून बसल्या. "हां, सांग. जेवताना गोष्ट बरी."

त्या मुलीने, म्हणे, सैन्यातल्या संगणकावर अशीच एक चालू फाईल पुसली होती. मग तिने काय केलं, तर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा क्रमांक शोधला. त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमने हातात धरलेल्या फायलींची यादी असते, ती पाहिली. त्यात एका नावापुढे कंसात 'पुसलेली' असा शेरा होता. लगेच नक्कल करायला ती गेली नाही, कारण लिहिणं अजून चालू होतं, अर्धवट नक्कल मिळाली असती. तिने आधी दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमने तीच फाईल धरून ठेवली. पहिला संपून गेला तरी दुसऱ्याचा हात होता. मग तिने त्या हातातून ती सावकाश दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर उतरवून घेतली.

"हुशार मुलगी," मावशी म्हणाल्या. "तिने कुठल्या आज्ञा दिल्या त्या पण सांग. गोष्ट पुरी सांगावी."

ताईने आज्ञा अक्षर न् अक्षर सांगितल्या. टेबलावर पेन काढलेलं मावशींना खपलं नसतं, म्हणून मी त्या पाढ्यासारख्या पाठ केल्या. मावशींनी मला तीनदा म्हणायला लावल्या. तिरक्या रेघा कुठे येतात तेही बोटाने हवेत काढून दाखवायला लावलं. तेवढ्यात भावाने माझ्या पानातली मासळी संपवली आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर रस सांडला.

शनिवारी सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात आला. हिब्रूत म्हणाला, "मी फिरायला चाललोय. तुला पाय मोकळे करायचेत?"

मावशी गॅलरीत होत्या. "दोघं चाललात? बरं. लांब जाऊ नका हां," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. आम्ही वाण्याच्या दुकानापर्यंत चालत गेलो आणि तिथून पस्तीस मिनिटांत विद्यापीठात.

रस्त्यात मी आज्ञा पुटपुटत होतो. तो म्हणाला, "माझ्या बहिणीला जे करायला बारा दिवस लागले, ते तू एका सेकंदात संपवलंस. मी असतो तर तुलाच पीएच.डी. दिली असती."

प्रयोगशाळेत मशीन घरघरत होतं. मी चिठ्ठीकडे आदराने पाहिलं आणि बसलो. प्रोग्रॅमचा क्रमांक सापडला. त्याची यादी उघडली. तिसऱ्या ओळीला ताईच्या फाईलचं नाव होतं आणि पुढे कंसात तो शेरा. मला एकदम भरून आलं. गावाकडच्या गर्दीत चुकलेलं माणूस दिसावं तसं वाटलं, हे सांगायला मला आजही थोडं अवघड वाटतं. फाईलच ती.

गोष्टीतल्या मुलीने केलं तसं मी केलं. दुसऱ्या प्रोग्रॅमने ती धरली, आणि खरंच धरली आहे का ते चार वेळा पाहिलं. मग वाट पाहत बसलो. भाऊ दोन खुर्च्या जोडून झोपला. त्याचे मित्र वाट बघत असतील असं मी म्हणालो, तर एक डोळा उघडून म्हणाला, "आई घरी मनातल्या मनात कापडावरचा मासळीचा डाग घासत असेल आणि तुझ्या नावाने प्रार्थना म्हणत असेल. तू बिघडवलंस तर मला घरी जाता येणार नाही."

"शब्बाथला डाग घासतात?"

"नाही. म्हणूनच मनात."

एकच्या सुमाराला ताईचा प्रोग्रॅम संपला. यादीतून तो नाहीसा झाला, त्याच्यासोबत त्याच्या हातातली फाईलही. पण माझा दुसरा प्रोग्रॅम तसाच उभा होता, आणि त्याच्या हातात ती होती, पूर्ण. मी ती दुसऱ्या मशीनवर उतरवली. आकार जुळवला. शेवटची ओळ उघडून पाहिली. तिथे तिच्या प्रोग्रॅमने आपण व्यवस्थित संपल्याचं लिहिलं होतं. मग आणखी एक नक्कल केली, आणि मग आणखी एक, आणि एवढं झाल्यावर भीत भीत तो दुसरा प्रोग्रॅम सोडला. डिस्क अठ्ठ्याण्णववरून एकदम सत्तरवर आली. लांबवून ठेवलेली पाळी सुटली.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. ताई गॅलरीत मासिक वाचत बसली होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. शब्बाथला कामाचं विचारायचं नसतं. मीही आपणहून कसं बोलायचं ते न कळून दारात उभा राहिलो. मासिकाचं पान तिने त्यानंतर उलटलं नाही, हे मला दिसत होतं.

मावशींनी आतून हाक मारली, "जेवतोस काय रे?"

शब्बाथला चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारपासून गरम पत्र्यावर ठेवलेली बटाट्याची भाजी आणि भात होता. मी बसलो. पहिला भात संपला, दुसरा संपला, मी तिसऱ्यांदा पान पुढे केलं. मावशींनी डाव हातात धरून गॅलरीच्या दिशेने मोठ्याने सांगितलं, "तिसऱ्यांदा घेतोय गं!"

गॅलरीत पान उलटल्याचा आवाज आला.

संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या, शेवटची प्रार्थना झाली, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती विझली आणि शब्बाथ संपला. ताईने पहिला प्रश्न विचारला, "किती ओळी?" मी आकडा सांगितला. तिने मनातल्या मनात काहीतरी भागलं आणि मान हलवली. मग मी विचारलं, "ताई, ती सैन्यातली मुलगी आता कुठे असते?"

"मला काय माहीत," ती हिब्रूत म्हणाली. "गोष्ट होती."

भाऊ सोफ्यावरून म्हणाला, "ती मुलगी सुट्टीवर घरी आली होती तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. मला तिच्या वाटणीचंही मिळालं होतं."

ताईने त्याला उशी मारली. मावशी हसू दाबत उठल्या, खणातून पेन आणि कागद काढला आणि दिव्याखाली बसल्या. आठवडा सुरू झाल्यावर त्या घरात पहिलं लिहिलं गेलं ते माझ्यासाठी. वरची रेघ सरळ ओढत त्यांनी लिहिलं, "विचारल्याशिवाय कांहीं पुसूं नये."

ताई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. तिने काय लिहिलंय ते विचारलं, ऐकलं, आणि आणखी एक ओळ घालायला सांगितली. त्या वर्षात तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. मावशींनी त्यातलं मराठी सुधारून घेतलं आणि खाली लिहिलं, "पुसल्यास जेवणापूर्वी सांगावें."